हो-नाहीच्या बिराजदार मॅडम

कॅन्टीनमध्ये नव्या पोराकडे बघून कुणी "हा काय टिकत नाही राव" असं म्हणालं, की माझी नजर अजून खिडकीजवळच्या टेबलाकडे जाते. तिथं बिराजदार मॅडम बसायच्या. असं काही कानावर पडलं की त्या भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून मागं वळायच्या आणि बोलणाऱ्याला शांतपणे विचारायच्या, "असे किती जण बघितलेत तुम्ही?"

"लई बघितलेत मॅडम."

"त्यातले टिकले किती?"

इथं माणूस चाचरायचा. मॅडम हसायच्या. त्यांच्या हसण्याला आवाज नसे, नुसते खांदे हलायचे. त्यामुळे त्या आपल्याला हसतात की आपल्याबरोबर हसतात, हे समोरच्याला लवकर कळायचं नाही आणि तो आपलं ताट घेऊन दुसरीकडे जायचा.

आमची कंपनी चाकणला. गाड्यांना लागणाऱ्या वायरिंगच्या जुड्या आम्ही बांधतो. मी कामगार विभागात, म्हणजे भरती, हजेरी, रजा हे सगळं माझ्याकडे. मॅडम मूळच्या उदगीरच्या. चिंचवडच्या एका कॉलेजात बरीच वर्षं तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत होत्या. पुढं त्या विषयाला पोरं येईनात, वर्ग बंद झाला आणि मॅडम आमच्याकडे क्वालिटीत आल्या. इथंही करारावरच. कायम ही गोष्ट त्यांच्या वाट्याला कुठं आलीच नाही. सुती साडी, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा आणि साडीखाली कंपनीचे जड काळे सेफ्टी शूज. त्या बुटांचा आवाज पॅसेजमध्ये आला की आमच्या विभागातले सगळे जण आपापली वाक्यं मनातल्या मनात तपासून घ्यायचे.

आम्ही दोघंही चिखलीला राहायचो, त्यामुळे सकाळी एकाच बसला असायचो. बसमध्ये लोक झोपतात, मोबाइल बघतात. मॅडम खिडकीतून रस्त्यावर उभी असलेली माणसं बघायच्या. मोशीच्या थांब्यावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या बसची वाट बघत रोज गर्दी असते. मॅडम एकेकाला हेरून मला विचारायच्या, "कदम, तो निळ्या शर्टातला. कामावर चाललाय की कामावरून आलाय?"

मी म्हणायचो, "काय माहीत."

"असं नाही. प्रश्न विचारायचे. पण फक्त ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं, तसलेच. केस ओले आहेत का? डबा जड दिसतोय का? भिंतीला टेकलाय का?" अशी तीन-चार उत्तरं जमली की त्या निकाल द्यायच्या, आणि बस हलायच्या आत तो बरोबर की चूक हे बघायला मिळावं म्हणून मान वळवून बसायच्या.

एकदा थांब्यावर एक धट्टाकट्टा माणूस उभा होता. पायात सेफ्टी शूज, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, हातात डब्याची पिशवी. मॅडम म्हणाल्या, "हा पलीकडच्या टायर कंपनीचा. लावा पैज." टायर कंपनीची बस आली आणि गेली. त्या माणसानं पिशवीतून पोतं काढलं, रस्त्याकडेला अंथरलं, मागच्या टपरीतून एक पाटी आणली आणि पेरू मांडायला घेतले. मॅडमचे खांदे चाकणपर्यंत हलत होते. "तीन प्रश्न, तिन्हीला हो, आणि माणूस पेरूवाला. बूट भावाचे असतील बघा." त्या दिवशी दुपारी भेटेल त्याला त्यांनी ही गोष्ट सांगितली. बरोबर आलेला अंदाज मात्र मी त्यांना कधी कुणाला सांगताना ऐकलं नाही. तो त्यांच्या दृष्टीनं संपलेला विषय असायचा.

त्यांची आणखी एक सवय होती. काही समजवायचं झालं की त्या ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवून कॅन्टीनच्या टेबलावर चौकोन काढायच्या आणि त्याचे चार कप्पे करायच्या. "वर आपण काय म्हणलं ते. बाजूला खरं काय झालं ते. आपण म्हणलं राहील आणि राहिला. आपण म्हणलं जाईल आणि गेला. हे दोन झाले बरोबर. उरले दोन. आपण म्हणलं राहील आणि गेला. आपण म्हणलं जाईल, पण माणूस राहणारा होता. चूक एक नसती कदम, चुका दोन असतात, आणि दोन्हींचं वजन सारखं नसतं. माझी पोरं परीक्षेत हेच विसरायची." पंखा मोठा होता आमच्या कॅन्टीनचा. चौथ्या कप्प्यापर्यंत येईस्तोवर पहिला वाळून जायचा. त्या पुन्हा बोट बुडवायच्या.

राहील आणि जाईल हा प्रश्न आला तो असा. आमच्याकडे शिकाऊ म्हणून येणारी निम्मीअधिक पोरं-पोरी काही महिन्यांत सोडून जायची. बीड, परभणी, हिंगोली, वाशीम अशा कुठून कुठून आलेली. एकाला वायरिंग बांधायला शिकवावं आणि हात बसेपर्यंत तो निघून जावा. तेव्हाचे प्लँटचे साहेब समजूतदार होते. त्यांनी मॅडमना विचारलं, कोण जाईल हे आधी कळेल का?

मॅडमनी माझ्याकडून जुनी माहिती घेतली आणि त्यातून काही प्रश्न काढले. सगळे हो किंवा नाहीचे. पूर्वी पाळीत काम केलंय का? राहायची खोली बसच्या वाटेवर आहे का? इथं जवळचं कुणी आहे का? पुढचं शिक्षण चालू आहे का? जुने जे टिकले आणि जे गेले, त्यांची उत्तरं बघून प्रत्येक प्रश्नाला त्यांनी कमी-जास्त वजन दिलं. नव्या माणसाच्या उत्तरांच्या वजनांची बेरीज एका रेषेच्या वर गेली तर 'राहील', खाली राहिली तर 'जाईल'. इतकं साधं. आमच्यातल्या एकानं सुचवलं, जिल्हा पण घाला मॅडम, अमुक जिल्ह्याची पोरं नुसती पळतात. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवून त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "जिल्हा नाही पळत. पळतो तो खोलीला, पाळीला, जेवणाला कंटाळून. ते विचारा."

सुरुवातीचं वर्ष छान गेलं. ज्याच्या नावापुढं 'जाईल' यायचं, त्याला मी बोलवून घ्यायचो आणि अडचण विचारायचो. कुणाला बसच्या वाटेवरची खोली बघून दिली, कुणाची सुरुवातीची रात्रपाळी टाळली. चिखलीच्या आतल्या वस्तीतून बस फिरवायला लागलो तीही मॅडमच्या हिशेबामुळेच. त्यांनी हे काम केलं होतं ते एवढ्यासाठी. 'जाईल' याचा त्यांच्या लेखी अर्थ होता, याच्याकडे आधी बघा.

मग साहेब बदलले. नवे साहेब वाईट नव्हते, घाईत होते. बैठकीत म्हणाले, "कोण जाणार हे माहीत असताना त्याला आत घ्यायचंच कशाला? गेटवरच नाही म्हणा."

मॅडम म्हणाल्या, "सर, मग माझी चूक मला कधीच दिसणार नाही."

"म्हणजे?"

"ज्याला आत घेतलंच नाही, तो टिकला असता का नसता, हे कुणाला कळणार?"

साहेबांनी तेवढ्यापुरतं ऐकलं. गेटवर नाही म्हणायचा बेत मागं पडला. घरी जाताना बसमध्ये मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. मोशी गेल्यावर, बाहेर बघतच म्हणाल्या, "माझ्या पत्रिकेत मंगळ आहे. तुम्हाला सांगितलं नसेल."

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"मंगळ आहे का? हो. झालं. एका प्रश्नात गट पडला माझा. पत्रिका परत यायच्या, फोटो परत यायचे. बाबा वाईट वाटून घ्यायचे. मला राग आला नाही कधी, खरंच. पण एक वाटायचं. ज्यांनी नाही म्हणून पाठवलं, ती मंडळी आयुष्यभर समजणार की आपण बरोबर केलं. त्यांचं चुकलं का, हे त्यांना कळायला वाटच नाही." मग पर्समधून त्यांनी आवळ्याची सुपारी काढून मला दिली आणि विषय संपला. पुन्हा तो कधी निघाला नाही.

साहेबांनी गेटवरचं सोडलं, पण दुसरं केलं. कोणत्या शिकाऊला कोणत्या लाइनवर पाठवायचं याचा जो तक्ता दर वेळी सुपरवायझरांकडे जातो, त्यात 'राहील' आणि 'जाईल' असा एक रकाना वाढवला. माहिती आहे तर सगळ्यांना असू द्या, एवढाच विचार. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मॅडमनाही वाटलं नाही, हे त्या पुढं स्वतःच सांगायच्या.

त्यानंतरच्या तुकडीत मॅडमचा अंदाज पूर्वीपेक्षा कितीतरी बरोबर यायला लागला. ज्यांना 'जाईल' म्हटलं होतं ते जवळजवळ सगळे गेले. साहेबांनी हेड ऑफिसला कळवलं. तिकडून शाबासकी आली. विभागात पेढे वाटले. मॅडमनी पेढा हातात घेतला, तो खाल्ला नाही, कागदावर ठेवला. मला म्हणाल्या, "कदम, माझे प्रश्न तेच आहेत. वजनं तीच आहेत. मग हे सुधारलं कामून?" चिडल्या किंवा घाबरल्या की त्यांच्या बोलण्यात उदगीर यायचं.

"अनुभवानं सुधारलं असेल," मी म्हणालो.

"अनुभव मला आला. गणिताला कुठून येणार?"

उत्तर त्यांना गेटवर मिळालं. अश्विनी नावाची परभणीकडची मुलगी राजीनामा देऊन पाठीवर सॅक अडकवून निघाली होती. शिकाऊंमध्ये चुणचुणीत. मॅडमनी तिला थांबवलं. मीही सोबत होतो.

"कामून चाललीस गं?"

"शिकवतच नाहीत मॅडम." मुलगी रडत वगैरे नव्हती, वैतागली होती. "आल्यापासून खोकी चिकटवायलेय. माझ्यासंगं आलेल्या पोरी बोर्डावर जुडी बांधायला लागल्या. मी विचारलं, मला कधी? तर म्हणले, तू कुठं राहणारेस."

"असं कोण म्हणलं?"

"सगळेच म्हणतात. कागदावर आहे म्हणे."

मॅडम तिला म्हणाल्या, "एक आठवडा थांब. मी बोलते." मुलगी म्हणाली, "नको मॅडम, दुसरीकडं बोलणं झालंय." आणि गेली. बस, दुचाक्या, ट्रक यांच्या मधून वाट काढत ती रस्ता ओलांडेपर्यंत मॅडम तिच्याकडे बघत होत्या.

तिथून त्या थेट मांडेकरांकडे गेल्या. मांडेकर त्या लाइनचे सुपरवायझर. चाकणजवळच्या गावातले, घरची शेती कंपन्यांत गेलेली, उरलेल्या तुकड्यात अजून कांदा लावणारे. माणूस सरळ. मला वाटलं आता खडाजंगी होणार. मॅडमनी फक्त विचारलं, "मांडेकर भाऊ, अश्विनीला बोर्डावर का नाही घेतलं?"

"घेऊन काय करू?" मांडेकर म्हणाले. "एका पोराला शिकवायला माझा एक चांगला माणूस अडकतो. तुमीच लिवलं हाय ना मॅडम, ती जानार म्हणून. जानाऱ्याला शिकवून माझा माल निघंल व्हय? राहनाऱ्याला शिकवतो मी. ह्यात माझं चुकलं का सांगा."

मॅडम म्हणाल्या, "न्हाई." त्यांच्याच बोलीत म्हणाल्या, आणि ती नक्कल नव्हती. "तुमचं न्हाई चुकलं."

लाइनवर यंत्रांचा आवाज होता. त्या वळल्या आणि चालायला लागल्या. पॅसेजमध्ये मला म्हणाल्या, "मी म्हणलं जाईल. म्हणून त्यांनी शिकवलं नाही. शिकवलं नाही म्हणून ती गेली. आणि माझं उत्तर बरोबर आलं. पेढे वाटले आपण त्याचे." त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. घरातलं माणूस आजारी असल्याची बातमी आल्यावर होतो, तसा.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. मॅडमनी साहेबांना सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, पुढच्या तुकडीत हा रकाना सुपरवायझरांना द्यायचा नाही. फक्त माझ्याकडे आणि कदमांकडे राहील. कोण जाईल म्हटलंय हे लाइनवर कुणालाही कळता कामा नये.

साहेब म्हणाले, "चांगलं चाललंय ते का बिघडवायचं?"

"चांगलं चाललेलं नाही सर. नुसतं बरोबर येतंय."

"मॅडम, मी वर आकडे दाखवलेत."

"एकच तुकडी द्या," मॅडम म्हणाल्या. "त्यातही असंच आलं, तर मी तुमच्या केबिनमध्ये येऊन माफी मागेन. सगळ्यांसमोर मागेन."

साहेबांनी एक तुकडी दिली. त्यांच्या मनात काय होतं मला माहीत नाही, पण दिली हे खरं.

ते महिने मॅडमना जड गेले. कुणाला काही सांगायचं नाही आणि लाइनवर रोज जायचं. 'जाईल' असं ज्यांच्या पुढं लिहिलं होतं, त्यांच्याकडे त्या मुद्दाम बघत नसत. नजरेवरून कळेल म्हणायच्या. कॅन्टीनमध्ये चौकोन काढणं बंद झालं. डबा अर्धा परत न्यायला लागल्या. एक दिवस मला म्हणाल्या, "तसंच निघालं तर बरं होईल असं पण वाटतं हो कधी कधी. म्हणजे मागच्यांचं पाप तरी माझ्या डोक्यावर नाही." मी म्हणालो, पाप कसलं मॅडम. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

तुकडीचा निकाल आला तेव्हा त्यात चमत्कार वगैरे काही नव्हता. 'जाईल' म्हटलेल्यांतले बरेच जण गेलेच. खोली लांब होती, घरचं आजारपण होतं, कुणाला पोलीस भरती द्यायची होती. पण मागच्या खेपेपेक्षा खूप जास्त जण राहिले होते आणि बोर्डावर काम करत होते. त्यातले दोघं-तिघं मांडेकरांच्या लाइनचे चांगले हात झाले होते. मांडेकरांना मॅडमनी त्यांची नावं सांगितली, तेव्हा ते टोपी काढून डोकं खाजवत राहिले. "ह्ये पोरगं जानार हाय असं लिवलं होतं तुमी? ह्ये?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "आन् मागच्या वेळंची?" मॅडम म्हणाल्या, "ती गेली भाऊ. त्यांचं आता कळायचं नाही."

अश्विनीचं मात्र कळलं. पुढच्याच चौकातल्या एका कंपनीत ती जुडीच बांधत होती. तिथं टिकली. मॅडम म्हणाल्या, "आपल्या हिशेबात ती कायम बरोबर आलेलं उत्तर म्हणून राहणार."

साहेबांपुढं आकडे ठेवले तेव्हा अंदाजाची अचूकता साफ खाली आलेली होती. साहेब म्हणाले, "तुमचं गणित बिघडलं मॅडम."

"हो सर," मॅडम म्हणाल्या. "पोरं राहायला लागली की ते बिघडणारच."

हेड ऑफिसला हे पटवणं साहेबांना जमलं नाही, किंवा त्यांनी फार प्रयत्न केला नसावा. वरच्यांना खाली आलेला आकडा तेवढा दिसला. काही दिवसांनी बाहेरून विकत घेतलेली दुसरी पद्धत आली, शेकडो प्रश्नांची, आतून काय चालतं ते कुणालाच न दिसणारी. मॅडमचा करार संपला तो पुढं वाढवला नाही. भांडण झालं नाही, कुणी वाईट बोललं नाही. चहा-समोसे झाले, शाल दिली. साहेबांनी चार शब्द सांगितले. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या नाहीत. बाहेर आल्यावर मांडेकर घरच्या कांद्यांची पिशवी घेऊन बसपाशी थांबलेले होते. "आमच्या वावरातलं हाय," एवढंच म्हणाले. मग जाता जाता म्हणाले, "ऱ्हाईल-जाईलचा कागद परत याया लागलाय मॅडम. घेतो मी. पन खिशातच ऱ्हातो."

त्या मोशीच्या बाजूला एका नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागल्याचं कळलं. त्यांच्या अनुभवाच्या दाखल्यात आमच्याकडून आडनाव चुकीचं छापलं गेलं होतं. दुरुस्त केलेला दाखला द्यायला मी एका शनिवारी दुपारी गेलो. दोन मजली इमारत, खाली मेडिकल दुकान. शिपायानं वर पाठवलं. वर्ग चालू होता म्हणून मी पॅसेजमध्ये खिडकीशी थांबलो. पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या पोरी बसल्या होत्या. फळ्यावर लहान मुलाच्या तापाचे प्रश्न लिहिलेले. अंगावर पुरळ आहे का, दूध पितंय का, असे. उत्तरं बघून मूल घरी पाठवायचं की दवाखान्यात ठेवायचं, हे ठरवायला मॅडम शिकवत होत्या. अंगानं जरा उतरलेल्या वाटल्या. पायात साध्या चपला होत्या.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, सगळी उत्तरं घरी पाठवा अशीच आली, पण आई म्हणते, ह्याचं काहीतरी बिघडलंय, हा असा नसतो. मग कुठल्या गटात घालायचं?"

मॅडमनी खडू ठेवला. फळ्याकडे एकदा पाहिलं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आपण आईला विचारू. ये पुढं, तूच आई हो."

पोरी हसल्या. ती मुलगी लाजत पुढं आली. ओढणीची घडी करून तिनं ती बाळासारखी हातांवर घेतली, आणि घेतल्याबरोबर तिचं हसू गेलं. मॅडम तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, तिच्या डोळ्यांपेक्षा खाली येईल अशा बसल्या, आणि म्हणाल्या, "सांगा बाई. असा नसतो म्हणजे, रोज कसा असतो?"

मी दाखला खाली शिपायाकडे दिला आणि निघालो.